नव्या सेटमधला बिघाड

बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५
प्रकाशा

आज पाडवा. मयूरीने पुण्याहून आम्हा दोघांना भेट पाठवली. भेट कसली, खोक्यांची चळत. टीव्हीखाली ठेवायची एक लांबोडकी पट्टी, छताकडे तोंड करून गाणारे दोन डबे, सोफ्यामागे ठेवायचे आणखी दोन आणि इंटरनेटवरून गाणी ओढून आणणारी एक काळी डबी. म्हणे यात आवाज चारी बाजूंनी येतो आणि वरूनही येतो. आवाज वरून यावा म्हणून मी लिंबाच्या झाडावर भोंगा बांधायचो, तेव्हा त्याला कोणी नवं तंत्र म्हटलं नाही.

पोरीची अट अशी की सेट कसा वाटला ते मी लिहून ठेवायचं, ती संक्रांतीला येऊन वाचेल. फोनवर आमचं बोलणं होत नाही. आमच्या प्रकाशा गावाला टॉवर कमजोर, तिचं अर्धं बोलणं वाटेतच गळतं. कामिनीच्या फोनवर मात्र मायलेकी तासभर बोलतात. तिचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे.

तर लिहितो, पण पोरगी वाचणार म्हणून गोडगोड लिहिणार नाही. 'भूपेंद्र साउंड'चे भोंगे उभी हयात तापीकाठच्या लग्नांत वाजले, सारंगखेड्याच्या जत्रेत वाजले. धंदा सोडला तरी आजही कोणाला सेट घ्यायचा असला की आधी मला नेऊन ऐकवतात. मला नव्या वस्तूचा राग नाही, तिच्या बढाईचा आहे. रेकॉर्ड विकणारा म्हणाला, अस्सल आवाज. कॅसेटवालाही तेच म्हणाला. सीडीवाला म्हणाला, आजवर तुम्ही ऐकलं ते सगळं खोटं. मग पेनड्राइव्हमध्ये हजार गाणी कोंबली आणि एकेकाचा गळा आवळला. आता ही डबी म्हणते, गाणं तुमच्या घरात नकोच, आमच्याकडे राहू द्या आणि तुम्ही महिन्याच्या महिन्याला भाडं भरा. भाडं चुकलं की गाणं उठून गेलं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

नीट ऐकलं. निकाल असा की माल बोगस आहे.

बासरीत नुसती फुंकर. संतूर म्हणजे लाकडी पाटावर बोटं आपटावीत तसं. घुंगरू तर गायबच. झाडाचा शेंडा छाटून नुसतं खोड घरी आणून टाकलंय. आवाज वाढवला तर खोड जाड होतं, शेंडा फुटत नाही. मधेच इंटरनेट अडकतं आणि गाणारी बाई तान घेता घेता उघड्या तोंडाने थांबते.

समोरची वत्सलाबाई दारात येऊन हात हलवत काहीतरी बोलली. फराळ आवडल्याचं सांगत असावी. मी हसून मान डोलावली. तर कामिनीने येऊन आवाज कमी केला आणि तिची समजूत काढत तिला घरापर्यंत सोडून आली. फराळाच्या कौतुकात समजूत काढण्यासारखं काय होतं कोण जाणे.

कामिनी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. पाठ करून बोलते आणि उत्तर मिळालं नाही की समोर येऊन ओरडते. मधलं काही तिच्याकडे राहिलेलं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

मयूरीने फोनवरून ज्याच्याकडे सेट मागवला त्या दुकानदाराला बोलावून घेतलं. पवन वीरसिंग पावरा. मूळचा वर डोंगरात तोरणमाळकडचा आदिवासी, नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स शिकला, शहाद्याला बसस्टँडजवळ दुकान टाकलं. शर्ट स्वच्छ, वागणं अदबीचं, बोलणं मात्र पुटपुटत. ही सगळी पिढीच पुटपुटते. त्याने पट्टी तपासली, वायफाय तपासलं, मोबाइलवर कसलासा आलेख काढून दाखवला. मी म्हटलं, आलेख बघायचा असतो, आवाज ऐकायचा असतो. त्यावर तो छताकडचे दोन डबे बदलून गेला. नवे डबेही तसेच.

डोंगरातला मुलगा शिकला, दुकानाच्या गादीवर बसला, मला कौतुकच आहे. पण पारख पुस्तकातून येत नाही. त्यांच्याकडे ढोल चालतो. बारीक कामाची सवय त्यांच्या कानाला कुठून असणार?

रविवार, ९ नोव्हेंबर

माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेअर उतरवला. पुसला, पट्टा बदलला आणि माझी नेहमीची सनईची रेकॉर्ड लावली. मनात होतं की पवनला बोलावून ऐकवावी, म्हणजे त्याला शेंडा काय असतो ते कळेल.

सनई बोथट वाजली. सुई झिजली आहे. सुरतेहून नवी मागवली.

कामिनी बराच वेळ दारात उभी होती. रेकॉर्डकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सुई आली, बसवली, तीच बोंब. म्हणजे विजेचा दोष. केळीच्या बागांवरचे पंप चालू झाले की व्होल्टेज बसतं. स्टॅबिलायझर लावला. टीव्ही उजळला, सनई नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज कबुली मिळाली.

मी निरोप पाठवला होता की एकतर सेट बदलून दे, नाहीतर मी चारचौघांत बोलतो. पवन सीलबंद खोकं घेऊन आला. माझ्यासमोर फोडलं, जोडलं. मग समोर येऊन सावकाश म्हणाला, "काका, मी एक सूर लावतो. तो खालून वर चढत जाईल. बंद पडल्यासारखा वाटला की हात वर करा."

सूर सुरू झाला. म्हशीच्या हंबरण्याइतका खाली होता, तो वर आला. माणसाचा गळा झाला, बाईचा झाला, आणखी थोडा चढला आणि बारीक होत होत मेला. मी हात वर केला. म्हटलं, पकडला, इथे तुझा सेट मेला.

पवन सेटकडे बघतच नव्हता, माझ्या मागे बघत होता. मी वळलो. स्वयंपाकघराच्या दारात कामिनी दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मिटून उभी होती. ओट्यावर झोपणारं कुत्रं शेपूट घालून गल्लीत पळालं. मग कामिनीने हात कानांवरून काढले आणि पवनकडे बघून जोडले. निरोप देत असावी. या बिघडलेल्या डब्याने तिचंही डोकं उठवलं होतं.

पवनने मोबाइल बंद केला. माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बिघाड असेल काका. मी सेट परत नेतो. ताईंचे पैसे ताईंना मिळतील." सगळं खोक्यात भरलं आणि चहा न घेता गेला.

एवढ्यावर मिटेल असं वाटलं नव्हतं. माल खरा असता तर माणूस भांडला असता.

सोमवार, १ डिसेंबर

आमच्या तापीकाठच्या ग्रुपवर लिहिलं. या ग्रुपवर शहाद्यापासून सारंगखेड्यापर्यंतची आपली सगळी माणसं आहेत, त्यांनी फसू नये. लिहिलेलं इथे उतरवून ठेवतो:

"बंधूंनो, चारी बाजूंनी आवाज देणाऱ्या नव्या सेटच्या नादी लागू नका. मी दोन सेट तपासले, दोन्ही बोगस, दुकानदाराने स्वतः कबूल करून परत नेले. डोंगरावरून उतरून काल दुकान थाटलेल्यांकडून माल घेताना विचार करा. आवाज ओळखायला पिढ्या जाव्या लागतात."

कोणाचं नाव घेतलं नाही. अंगठ्यांचा पाऊस पडला. कामिनीला वाचून दाखवलं. ती काही बोलली असेल तर मला कळलं नाही, ती पाठ करून होती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सारंगखेड्याच्या जत्रेला जाऊन आलो. कालच दत्तजयंती झाली, गर्दी अजून आहे. घोड्यांच्या बाजाराजवळ जुनी मंडळी भेटली, चहा पाजला. एकाने सांगितलं, लग्नाच्या हंगामासाठी त्याने पवनकडे सेट बुक केला होता तो रद्द केला. दुसऱ्यानेही केला. कोणीतरी म्हणालं, भूपेंद्रभाऊंनी वेळेवर सांगितलं. बरं वाटलं.

रेवजी, माझ्या हाताखाली शिकलेला, आता जत्रेत त्याचे स्पीकर असतात. त्याला म्हटलं, अरे, तुझेही सगळे शेंडे छाटलेले. तो बघतच राहिला. कानाजवळ तोंड आणून काहीतरी म्हणाला, मी हो म्हटलं. सबंध जत्रेत एक स्पीकर धड नव्हता. कारागिरी म्हणून काही उरलीच नाही जगात.

गुरुवार, १८ डिसेंबर

जे झालं ते झालं तसं लिहितो.

वत्सलाबाईच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. कामिनी निघाली. कुकरमध्ये तुरीची डाळ लावली होती. माझ्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "तीन शिट्ट्या व्हयन्यात का गॅस बंद करी द्या."

मी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली आणि पेपर उघडला. विसरायला नको म्हणून मुद्दाम तिथे बसलो. घरात शांत होतं. पेपर वाचून झाला, जाहिराती वाचून झाल्या, शिट्टी काही होईना. डाळ जुनी असेल.

मान वर केली. कुकरवर वाफेचा उभा फवारा होता. शिट्टी उचलली गेली होती आणि गरगर थरथरत होती. समोरच्या फरशा घामेजल्या होत्या. माझा पहिला विचार असा आला की शिट्टी बिघडली. उठून जवळ गेलो. वाकून कान पुढे केला. गालाला वाफ चरचरली, कानाला काही नाही. शिट्टी खाली बसली, पुन्हा उठली, माझ्या नाकासमोर नाचली. घरात शांतताच.

किती वेळ बघत उभा होतो ते माहीत नाही. खांद्याला धक्का बसला. वत्सलाबाई मागच्या दाराने धावत आली होती. तिने मला बाजूला सारून गॅस बंद केला. तिच्यामागे कामिनी, कपाळावर ताजं कुंकू, आणि दारात डोहाळजेवणाच्या सगळ्या बायका, नटूनथटून, रिकाम्या हाताने. घरात कोणी नाही की माणूस पडलाय, असं वाटून गल्ली गोळा झाली होती.

वत्सलाबाई माझ्याकडे तोंड करून पण कामिनीशी बोलली. ओठ स्वच्छ दिसले. "बाई, याले काहीच ऐकू येस नही."

कामिनीने बायकांना वाटेला लावलं आणि जळालेली डाळ खरवडायला बसली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

सनईची रेकॉर्ड लावली आणि स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवलं. बारीक, भराभर थरथरत होता. म्हणजे सूर स्पीकरपर्यंत येतोय. माझ्या बोटापर्यंत येतोय.

रेकॉर्ड काढून ठेवली.

रविवार, २१ डिसेंबर

कामिनीला समोर बसवून विचारलं, कधीपासून.

म्हणाली, मयूरीच्या लग्नापासून. आता मयूरीची पोरं शाळेत जातात. एवढी वर्षं ती पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची की यांच्या समोर बसून बोला. फोन वाजला की ती धावायची. दारावर कोणी आलं की उठायची. मी लोकांच्या बोलण्यावर भलतंच उत्तर दिलं की विषय सावरून घ्यायची. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही?

"सांगं व्हतं. तुम्ही दोन दिन जेवनात नही."

रागाने उपाशी राहिल्याचं मला आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

मग तिने पवनचं सांगितलं. तो सूर तिच्या डोक्यात सुईसारखा शिरत होता तेव्हा मी हात वर करून हसत होतो. पवनला सगळं समजलं होतं. तो सांगायला तोंड उघडणार होता, म्हणून तिने हात जोडले. म्हणाली, त्यांना सांगू नको रे भाऊ, सेट ने. हे ती माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर उभी राहून बोलली होती. मी ग्रुपवर लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हाही बोलली होती की असं लिहू नका, पोराचं दुकान बसेल. पाठ करून बोलली होती, कारण तिला रडू येत होतं.

मला राग आला. अजूनही आहे. तिने मला जपलं असं ती म्हणते. मला वाटतं की मी या घरात इतकी वर्षं पाहुण्यासारखा राहिलो आणि सगळ्यांनी मिळून मला ते कळू दिलं नाही. तसं तिला म्हटलं. ती उठून गेली.

संध्याकाळी स्वतःच येऊन एक गोष्ट सांगितली. सेट घरात होता तेव्हा मी केळीत गेलो की ती हळूच लावायची. घुंगरू सोफ्यामागून चालत यायचे, म्हणाली, आणि ती खरोखर मागे वळून बघायची, कोण आलं म्हणून.

मयूरीने मला विचारलं होतं, सेट कसा वाटला. हा प्रश्न तिने आईला विचारायला हवा होता. मीही विचारायला हवा होता.

सोमवार, २९ डिसेंबर

नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो. बाहेर कामिनी काचेतून बघत होती आणि तिच्या तोंडावरून मला कळत होतं की आवाज चालू आहेत. एकदा तिच्याकडे बघून खोटंच बटण दाबलं. डॉक्टरने मान हलवली.

आलेख निघाला. डावीकडे जेमतेम सपाट आणि मग तोरणमाळच्या घाटासारखा सरळ खाली. डॉक्टरने धंदा विचारला. मी सांगितला. तो कामिनीला म्हणाला, मग कारण शोधायला नको. भोंग्याखाली उभं राहून, उभी हयात. मी म्हटलं, जिल्ह्यातली निम्मी लग्नं त्या भोंग्यांनी लावली. त्यावर तो काहीतरी म्हणाला. कामिनीने ते मला सांगितलं नाही.

पवन मला मोबाइलवर आलेख दाखवत होता तेव्हा मी काय म्हटलं होतं ते वर लिहिलंच आहे.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

ग्रुपवर लिहिलं: "शहाद्याच्या पवन पावरा यांच्या दुकानातून आलेल्या सेटमध्ये कसलाही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या कानांत आहे, डॉक्टरांनी तपासलं आहे. मी त्यांच्या मालाबद्दल लिहिलं ते चुकीचं होतं. ज्यांनी माझ्या शब्दावर ऑर्डर रद्द केल्या त्यांनी पुन्हा द्याव्यात. भूपेंद्र पाटील."

हे लिहायला सकाळपासून दुपार झाली. आधी जोडलेले हात आले, लवकर बरे व्हा आले. जसा काही ताप आलाय. रेवजीने हसणारी तोंडं पाठवली आणि पुसली, पण मी पाहिली. मग एकाने विचारलं, भाऊ, मागच्या साली आमच्या मंगल कार्यालयाचा सेट तुम्ही नापास केला होता, तो चांगला होता का मग?

फोन पालथा ठेवला.

रविवार, ११ जानेवारी

पवनच्या दुकानावर गेलो तर तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. शेजारच्याने सांगितलं, तो अक्कलकुव्याला गेला. लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, गाळा परवडेना.

तळोद्यावरून एसटीने अक्कलकुव्याला गेलो. कामिनीला बरोबर घेतलं, कारण मला एकट्याला जाऊन उपयोग नव्हता. महामार्गाच्या कडेला अरुंद गाळा, समोरून गुजरातकडे जाणारे ट्रक, बाजाराला आलेल्या डोंगरातल्या माणसांची गर्दी. पवन एक छोटा स्पीकर उघडून बसला होता. कोपऱ्यात त्याचा बाप वीरसिंग बसलेला. दोघंही उठले नाहीत.

मी मोठ्याने बोललो असेन, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. म्हटलं, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोने तुला हात जोडले तेही मला आता कळलं. मी ग्रुपवर लिहिलं आहे.

पवन बोलला. मान खाली, हात कामात. मला एक शब्द कळला नाही. कामिनीने माझ्याकडे तोंड केलं आणि भर बाजारात, ओरडून, त्याचं बोलणं मला सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

तो म्हणाला होता, काकूंनी हात जोडले म्हणून मी बिघाड माझ्या अंगावर घेतला. तुम्ही तो घेऊन गावभर फिरलात. कान गेला हा तुमचा दोष नाही. सेटबद्दल लिहिलं ते तुम्ही मागे घेतलं. डोंगराबद्दल लिहिलं ते तसंच आहे. ते काही कानाने लिहिलं नव्हतं.

कामिनी थांबली. आजूबाजूची माणसं सगळी डोंगरातलीच होती आणि सगळ्यांनी ते तिच्या तोंडून ऐकलं होतं.

मी म्हटलं, तेही लिहितो. पवनने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि मला दिसेल असं तोंड हलवून म्हणाला, "लिहा. मी त्या ग्रुपवर नाही."

मग त्याने स्पीकरचं झाकण बसवलं, समोर थांबलेल्या बाईला दिला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. परतीच्या गाडीत कामिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. बोलत होती की नाही, बघितलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी

लिहिलं. डोंगरावरून उतरलेल्यांबद्दल मी जे लिहिलं ते माझ्या मनातलं होतं, कानातलं नव्हतं, ते नीच होतं, असं लिहिलं. या वेळी कोणी हात जोडले नाहीत. रेवजीचा एकट्याचा निरोप आला, भाऊ, झालं गेलं कशाला उकरता, उगाच त्या लोकांना चढवून ठेवायचं. माझ्या दीड महिन्यापूर्वीच्या निरोपाखाली अजून सगळे अंगठे आहेत. ते मोजायला गेलो नाही, पण आहेत.

शनिवार, १७ जानेवारी

मयूरी संक्रांतीला येऊन गेली. हे सगळं तिने वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, मी आईसाठी सेट पुन्हा मागवते. आईने अट घातली की पवनकडूनच. मयूरीने त्याला फोन केला. प्रकाशाला येणं जमणार नाही, दुसरीकडून घ्या, असं त्याने सांगितलं. अदबीने सांगितलं, म्हणाली.

कामिनी म्हणाली, मग नको.

रविवार, १ फेब्रुवारी

कानातली यंत्रं बसवून आणली. आयुष्यातली शेवटची साउंड सिस्टीम, तीही विकणाऱ्याने तशीच विकली. म्हणे यात मोबाइलवरून थेट गाणी येतात, ॲप आहे, ट्रेबल बोटाने वाढवता येतो, आणि पुढच्या साली याहून चांगलं येणार आहे. मी म्हटलं, पुढच्या सालचं पुढच्या साली बघू, हे कानात घाल.

बाहेर पडलो आणि सगळं जग अंगावर धावून आलं. रिक्षा, चपला, कागदाची पिशवी. पत्र्यावर खिळे ओतावेत तसे आवाज. बसमधल्या एका पोराने चॉकलेटचा कागद सोडला तर मी दचकलो. कोणी म्हणेल सूर परत आले, तर नाही. कडा परत आल्या. सगळ्याला धार आहे आणि ती मलाच लागते आहे. विकणाऱ्याने सांगितलंय की सवय होईल. सगळेच विकणारे हेच सांगतात.

घरी आलो. कामिनीने विचारलं, जेवायला वाढू का?

मी तिच्याकडे बघत राहिलो. हा तिचा आवाज नव्हता. माझ्या डोक्यात तिचा जो आवाज आहे तो बारीक, थोडा लाजरा, वाक्य संपता संपता खाली येणारा. हा फाटलेला होता. बाजारात दिवसभर भाव ओरडून घसा बसलेल्या बाईसारखा. घोगरा, चढा, शब्दाशब्दाला रेटा दिलेला. मला वाटलं यंत्राचा दोष. काढून घालून बघितलं. बाहेर वत्सलाबाई कोणाशी बोलत होती, तिचा आवाज मात्र साधा होता, माणसासारखा.

म्हटलं, कामिनी, आता मला ऐकू येतंय. हळू बोल.

ती हसली. पदराने हात पुसले, समोरच्या खुर्चीत बसली आणि परत विचारलं, वाढू का? तेवढ्याच जोरात. शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला.

मी म्हटलं, हळू. अगदी हळू बोल. जशी मयूरीशी बोलतेस तशी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रागावली. पण ती रागावली नव्हती, तिला मी काय म्हणतोय ते समजतच नव्हतं.

"हळूच तं बोली ऱ्हायनी मी," ती म्हणाली.